मामाचा अंदाज

आमच्या भागात पोरगं काय शिकतं हे कुणी विचारत नाही. नंबर कुठं लागला, एवढंच विचारतात. किराणा घेताना विचारतात, दवाखान्यात केसपेपर काढताना विचारतात. मयतीला गेलं तर तिथेही कुणीतरी हळूच जवळ सरकून विचारतंच. आणि नंबर लागायच्या आधी तो लागेल का नाही, हे सांगणारा एक माणूस प्रत्येक खानदानात असतो. आमच्यात तो माझा मामा. लातूरचा.

मामा खाजगी शिकवणीत गणित शिकवायचा. जून-जुलै उजाडला की सगळं गणगोत त्याच्या घरी लोटायचं. कंधारची मावशी, उदगीरकडचे पाहुणे, कोण कुणाचा साडू, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गुणपत्रिका. मामा चष्मा पुसायचा. कागदाकडे बघायचा, पोराकडे बघायचा नाही. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायचा. तिच्यात मागच्या वर्षांच्या कटऑफच्या याद्या, सुतळीनं बांधलेल्या. त्यांच्यावरून बोट फिरवत जायचा आणि शेवटी दोनातलं एक बोलायचा. "लागतंय." नाहीतर "न्हाई लागत." तिसरं काही त्याच्या तोंडून निघत नसे. लागतंय म्हणाला तर मामी चहात साखर जास्त घालते, अशी आम्ही पोरं चेष्टा करायचो. त्याचा अंदाज चुकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. माझी पाळी येईपर्यंत तरी.

मी नांदेडची. मी बारावीत असताना आई गेली. भाऊ हैदराबादला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. घरात उरलो मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्या वस्तीत शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या चार-दोन माणसांतले एक, त्यामुळे त्यांना मान मोठा. जयंतीला दरवर्षी त्यांचं भाषण असायचं. पोरींना शिकवा, बाहेर पाठवा, अडवू नका, हे त्यातलं ठरलेलं. लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचे, आणि जरा जास्तच जोरात, कारण बोलणारा माझा बाप होता.

बी.कॉम. करता करता मी अर्धापूरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे काम धरलं होतं. माल कुणाच्या वावरातला, कुठल्या गाडीत भरला, गाडी कुठं निघाली, हे चिठ्ठीवर लिहायचं. गाड्या दिल्लीला जायच्या, कुठंकुठं जायच्या. पण तिथं गेल्यावर त्या केळीचं काय होतं, कोण उचलतो, भाव कोण ठरवतो, हे त्या ऑफिसात एकालाही ठाऊक नव्हतं. केळी पिकवणाऱ्याला तर नाहीच, शेठलाही नाही. मी विचारलं की शेठ म्हणायचा, "तुला काय करायचंय? गाडी निघाली, विषय संपला." मला राग यायचा. संपला कसा? माझ्या डोक्यात तर तो तिथंच सुरू व्हायचा. म्हणून मला एमबीए करायचं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात शेतमालाच्या व्यापाराचा वेगळा विषय होता, आणि मला तेच कॉलेज पाहिजे होतं. नांदेडच्या कॉलेजात तो विषय नव्हता. नांदेडच्या कॉलेजात खरं तर इमारत सोडून काहीच नव्हतं, पण हे मला आत गेल्यावर कळलं.

सीईटी दिली. शहाण्णव पर्सेंटाइल पडले. शंभरात चारच जण माझ्या पुढं. आमच्या गल्लीत एवढे कुणी पाहिले नव्हते. अण्णांनी स्वतः हातात बॉक्स घेऊन दारोदार पेढे वाटले. शेजारच्या काकूंना सांगताना ते रुमालानं डोळे पुसत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते काही नाटक नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं मला आजपर्यंत पचलेलं नाही.

आता राहिला ऑप्शन फॉर्म. कुठली कॉलेजं पाहिजेत ती आपल्या पसंतीनं एकाखाली एक लिहायची. कॉम्प्युटर तुमचे मार्क घेऊन वरून खाली येतो आणि जिथं तुम्ही बसता तिथं थांबतो. पहिल्याच कॉलेजात बसलात तर विषय मिटला, पुढच्या फेऱ्यांतून तुमचं नाव बाद. म्हणजे साधी गोष्ट. मनातलं वर लिहायचं, खात्रीचं खाली. हे माहितीपुस्तकात छापलेलं होतं, आणि ते इंग्रजी पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.

मग लातूरला कशाला गेले? गेले, कारण आमच्यात फॉर्म मामाच भरतो. मामाला दाखवल्याशिवाय कुणाला आपले मार्क खरे वाटत नाहीत. अण्णाही म्हणाले, "एकदा मामाच्या नजरंखालून घाल, माय." मी सकाळची बस धरली.

शिकवणीच्या ऑफिसात मामानं कॉम्प्युटर लावून ठेवलाच होता. पेटीही घरून आणलेली. मी माझा निकाल समोर ठेवला आणि विचारलं, "मामा, पुण्याचं लागेल का?"

त्यानं याद्या सोडल्या. बोट खाली आलं, थांबलं, परत वर गेलं. एवढा वेळ तो कधीच लावत नसे. मला वाटलं, भाचीचं आहे म्हणून बारकाईनं बघतोय.

"न्हाई लागत," तो म्हणाला. "पॉइंटात जातंय, थोडक्यात हुकतंय."

तरी मी म्हणाले, "पॉइंटातच जातंय ना? मग वर पुणं टाकू, खाली नांदेड. नाही लागलं तर नांदेड आहेच की."

"तसं न्हाई ते, बाई. वर खात्रीचं टाकायचं आन् खाली हौसंचं. तू पुणं वर टाकलंस, तर तवर नांदेडची जागा दुसऱ्यानं उचलली म्हणून समज. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नी."

"पण पुस्तकात तर..."

"पुस्तक लिव्हणारा लातुरात येऊन फॉर्म भरतो का?"

बाजूच्या खुर्चीवरचा क्लार्क हसला. मीही हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते. दोनदा वाचलेलं पुस्तक मी त्या एका वाक्यावर सोडून दिलं. सगळं लातूर ज्याच्या बोटावर विश्वास ठेवतं, तो माणूस सख्ख्या भाचीला खड्ड्यात कशाला घालेल? नांदेड पहिलं, पुणं दुसरं, खाली आणखी दोन-तीन. फॉर्म पक्का करायला ओटीपी लागत होता आणि तो अण्णांच्या मोबाइलवर जायचा. मी फोन लावला. त्यांनी सहा आकडे एकेक करून सांगितले, माझ्याकडून परत म्हणून घेतले आणि विचारलं, "मामा म्हणतो तसंच भरलंस ना?"

"हो," मी म्हणाले, आणि बटण दाबलं.

पहिल्या फेरीत नांदेड लागलं. लागणारच होतं. घरापासून चालत वीस मिनिटं. अण्णा म्हणाले, चला, डबा द्यायला बी सोपं. मी पण स्वतःला समजावलं, की बाई, तुझी झेपच तेवढी. अंथरूण पाहून पाय पसरावेत. चार दिवस मी हे अगदी मनापासून मानलं.

पाचव्या दिवशी कळलं, मामाच्या पोराचा नंबर पुण्याला लागला. त्यानंही तीच सीईटी दिली होती. त्याच कॉलेजात, जे मला पॉइंटात जात होतं. त्याचे मार्क माझ्याहून कमी, आणि थोडेथोडके नाही, चांगले पाच-सहा पर्सेंटाइलनं कमी. जात एक, प्रवर्ग एक, मामाचा कॉम्प्युटर एक. फॉर्मवर मात्र त्याच्या पहिल्या नंबरावर मुंबई, दुसऱ्यावर पुणं आणि लातूर पार तळाला. मी त्या दिवशी कॉलेजची यादी काढली. शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याच्या कितीतरी वर मी होते. डोक्यात अशी तिडीक गेली की मी उभ्याउभ्याच फोन लावला.

"मामा, माझं लागत होतं."

तो म्हणाला, "चुकला माझा अंदाज, पोरी. माणूसच हाय मी."

"स्वतःच्या पोराचा कसा नाही चुकला?"

"पोरगं हाय ते. लागलं तर लागलं, न्हाई तर हिंडलं असतं वर्षभर. पोरीचं तसं न्हाई ना."

मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णा तिथंच खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी मला अडवलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला आणि म्हणाले, "जाऊ दे. तुझ्या मामाचं डोकं आता चालत न्हाई पहिल्यासारखं." किती बरं वाटलं मला तेव्हा! वाटलं, जगात एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला स्कूटी घेऊन दिली.

दोन वर्षांत मी एमबीए झाले. आमच्या वर्गात अकरा जण, हजेरीला कधी चार तर कधी पाच. मार्केटिंग शिकवायला जे सर होते ते सकाळी दुसऱ्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. प्रोजेक्ट मागच्या बॅचचे, मुखपृष्ठ तेवढं नवीन. केळीचा, भावाचा, दिल्लीच्या बाजाराचा विषय निघालाच नाही. एकदा मीच काढला तर सर म्हणाले, "सिलॅबसला आहे का?" आता मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास घेतले तेवढाच पगार, उन्हाळ्यात घरी. मामाचा पोरगा एका मोठ्या कंपनीत आहे. शेतमालाच्याच खरेदीत. बेंगलोरला.

आठ वर्षं मी मामाचं नाव तोंडात आलं की थुंकल्यासारखं बोलले. त्याच्या पोराच्या लग्नाला गेले नाही. दिवाळीत त्याचा फोन आला की अण्णांच्या हातात द्यायचे. नातेवाइकांत मी उघड सांगायचे, की स्वतःच्या पोरासाठी यानं भाचीच्या तोंडाला पानं पुसली. लोक ऐकायचे, मान हलवायचे. अण्णाही तिथंच असायचे. कधी म्हणायचे, "सोड आता," कधी नुसतेच बसायचे. मला ती त्यांची समजूतदारी वाटायची.

मागच्या साली मामी गेली. मामीला मी पोटच्या लेकीसारखी, म्हणून पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी अण्णांसोबत लातूरला गेले. मामाशी बोलायचं नाही हे ठरवूनच गेले होते. तो खूप वाळला होता. शिकवणी कधीच बंद झाली होती.

वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. बैठकीत मामा, अण्णा आणि मी, आणि उदगीरकडचा एक पाहुणा त्याच्या पोरीला घेऊन. आमच्या लोकांना मयत काय नि मांडव काय. त्या पाहुण्यानं पिशवीतून कागद काढलाच. पोरीनं एमबीएची सीईटी दिली होती. "आलोच हाव तर बघून घ्या म्हणलं, मास्तर. नंबर लागंल का?"

मामानं चष्मा शोधला. पेटी आता नव्हती, पण कागद हातात घेताच त्याचं बोट आपोआप फिरायला लागलं. ते बोट बघून माझा तोल गेला.

"यांना कशाला विचारता?" मी म्हणाले. "यांचा अंदाज चुकतो. पोरीचा असला की हमखास चुकतो."

पाहुणा चपापला. त्याची पोरगी माझ्याकडे बघायला लागली. बायको जाऊन महिना न झालेल्या माणसाला त्याच्याच घरात मी हे बोलले. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

मामानं कागद खाली ठेवला. आठ वर्षांत मी त्याला तोंडावर नि माघारी बोलले नाही असं काही शिल्लक नव्हतं, आणि तो कधी उलटून बोलला नव्हता. आपमतलबी म्हणाले, बेइमान म्हणाले, सगळं गिळलं. पण अंदाज चुकतो हे त्याला चारचौघांत, गुणपत्रिका हातात असताना, सहन झालं नाही.

"माझा अंदाज चुकत न्हाई," तो म्हणाला. "कवाच न्हाई चुकला. तुझा बी न्हाई चुकला."

"मग लागत नाही का म्हणालात?"

"लागत होतं! बोट ठेवल्या ठेवल्या दिसलं मला. डोळे झाकून लागत होतं तुझं पुणं. लागत होतं म्हणून तर नांदेड वर टाकावं लागलं, न्हाई तर कशाला टाकलं असतं? खाली टाकलं असतं तर तू पुण्यालाच गेली असतीस. इचार तुझ्या बापाला. तू बसमधी बसायच्या आदी दाजीचा फोन आला होता मला. म्हणले, कायबी करा, पण पोरगी नांदेडात राहिली पायजे. आन् माझं नाव घेऊ नका म्हणले."

मी अण्णांकडे बघितलं. ते बडीशेप चघळत होते. चघळायचे थांबले, एवढंच.

"तुझी मामी रोज म्हणायची, सांगून टाका, पोरगी फुकटचं बोलून राहिली तुम्हाला," मामा म्हणाला. "पर शब्द दिला होता. बहिणीचा नवरा हाय. बाप हाय तुझा."

"फॉर्म माझा होता, मामा."

त्यानं उदगीरच्या पोरीचा कागद परत उचलला, चष्मा नीट केला, आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "लागतंय. वर टाका."

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. दुपारचं ऊन, बस अर्धी रिकामी. चाकूर गेलं. मी मनात आठ वर्षं मागं जाऊन एकेक गोष्ट उलटीपालटी करून बघत होते. तो पाण्याचा पेला. ती स्कूटी. मी शिव्या देत असताना खुर्चीत शांत बसलेला माझा बाप. अहमदपूरला बस थांबली, अण्णा खाली उतरून दोन कप चहा घेऊन आले, आणि ते माझा कप माझ्या हातात देत असताना मी विचारलं, "खरं आहे का ते?"

"हाव," अण्णा म्हणाले.

"का?"

त्यांनी चहा फुंकला. "तुझी आई गेली. भाऊ तिकडं गेला. तू बी गेली असतीस तर त्या घरात मी काय केलं असतं? संध्याकाळी घरी आलं की दार कुणी उघडायचं?"

"मग तसं म्हणायचं होतं, अण्णा. मला भीती वाटते, जाऊ नको, एवढं म्हणायचं होतं."

"म्हणलं असतं तर राहिली असतीस?"

"राहिले असते."

खोटं नाही सांगत. रडले असते, भांडी आपटली असती, दोन दिवस जेवले नसते. पण बापानं तोंड उघडून सांगितलं असतं की मला एकट्याला राहवणार नाही, तर मी राहिले असते. आपल्याला पुणं लागलं होतं आणि आपण बापासाठी सोडलं, एवढं तरी माझ्याजवळ राहिलं असतं. इथं मी कशासाठी काय सोडलं हेच मला कुणी कळू दिलं नाही.

"ठाऊक होतं मला," अण्णा म्हणाले. "राहिली असतीस, आन् जल्मभर मला बोलली असतीस. रोज. जेवताना, उठता-बसता. मामाला बोललीस तर काय होतं? तो लांब राहतो."

मी चहा खिडकीतून बाहेर ओतला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. लोहा गेलं, नांदेड आलं, त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. स्टँडवर उतरल्यावर माझी वाट बघत थांबले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "भाजी कशाची करतीस आज?"